कार्बन बाजार: वॉशिंग्टन, ब्रसेल्स, बीजिंग. वाटेत काय टिकलं, काय बदललं?

नीलमेघ (धागाकर्ता)

हवामान धोरणातली एखादी रीत एका महासत्तेकडून दुसरीकडे कशी जाते, याचं उत्तर परिषदांमधल्या भाषणांत फारसं सापडत नाही. ते कायद्याच्या मसुद्यात, परवाने वाटायच्या सूत्रात आणि मोजमापाच्या नियमांत सापडतं. म्हणून हा धागा एकाच साधनापुरता ठेवतो: उत्सर्जन परवान्यांचा बाजार. तो अमेरिकेत रुजला, युरोपने उचलला आणि पुढे चीनने घेतला.

सुरुवात कार्बनपासून झालीच नव्हती. अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यात १९९० साली दुरुस्ती झाली आणि कोळशावरच्या वीजकेंद्रांतून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडवर एकूण मर्यादा आली. १९९५ मधल्या पहिल्या टप्प्यात ११० केंद्रं होती. केंद्राला परवाने मिळायचे, एका टनाला एक. कमी धूर सोडणारा उरलेले परवाने विकायचा किंवा पुढच्या वर्षासाठी ठेवायचा. हे चाललं त्याचं मोठं कारण चिमणीत बसवलेली सतत मोजणारी यंत्रं. आकडा थेट चिमणीतून यायचा, त्यामुळे वादाला जागा कमी होती.

१९९७ च्या क्योटो हवामान कराराच्या वाटाघाटीत अमेरिकेने हेच साधन पुढे रेटलं आणि युरोप नाखूश होता. युरोपीय आयोगाने १९९२ मध्ये कार्बन-ऊर्जा कराचा प्रस्ताव आणला होता. पण युरोपीय संघात कराचा विषय एकमताशिवाय संमत होत नाही. प्रस्ताव अडकला तो अडकलाच, आणि १९९७ मध्ये मागे घेतला गेला. परवान्यांचा बाजार मात्र 'पर्यावरण कायदा' म्हणून आणता येत होता आणि त्याला बहुमत पुरत होतं. २००१ मध्ये अमेरिका क्योटोतून बाहेर पडली आणि तिचंच साधन युरोपने आपलंसं केलं. २००३ साली निर्देश (सदस्य देशांना बांधणारा युरोपीय कायदा) निघाला, १ जानेवारी २००५ ला बाजार सुरू झाला. कल्पनेच्या गुणवत्तेइतकाच मतदानाचा नियम इथे निर्णायक ठरला, आणि हे बहुतेक वर्णनांत निसटतं.

चीनमध्ये आधी अमेरिकेतून थेट रोपण करायचा प्रयत्न झाला होता. १९९९ नंतर अमेरिकन पर्यावरण संस्थांच्या मदतीने नान्तोंग, ताय्युआन अशा शहरांत सल्फर डायऑक्साइडचे प्रयोग झाले. तुरळक सौदे झाले, तेही अधिकाऱ्यांनी जुळवून दिलेले. मोजमाप सैल आणि दंड किरकोळ असल्यामुळे परवान्याला किंमतच येईना.

जमीन तयार केली ती क्योटोच्या स्वच्छ विकास यंत्रणेने (विकसनशील देशातल्या प्रकल्पाने टाळलेल्या उत्सर्जनाची क्रेडिट श्रीमंत देशांना विकायची सोय). चीन तिचा सर्वांत मोठा यजमान देश होता. क्रेडिट विकून येणाऱ्या पैशावर सरकारने हिस्सा लावला: एचएफसी-२३ सारख्या औद्योगिक वायूंच्या प्रकल्पांवर ६५ टक्के, नायट्रस ऑक्साइडवर ३० टक्के, पवन-जल अशा प्राधान्याच्या प्रकल्पांवर २ टक्के. त्यातून एक निधी उभा राहिला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे उत्सर्जनाचा अहवाल लिहू शकणारी आणि तपासू शकणारी माणसं हजारोंनी तयार झाली. ऑक्टोबर २०११ मध्ये बीजिंग, त्यानजिन, शांघाय, चोंगचिंग, शेनझेन, ग्वांगडोंग आणि हुबेई या सात ठिकाणी प्रायोगिक बाजारांना मंजुरी मिळाली, तेव्हा हीच माणसं कामाला लागली. शेनझेनचा बाजार जून २०१३ मध्ये उघडला. राष्ट्रीय बाजाराची घोषणा शी जिनपिंग यांनी सप्टेंबर २०१५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये केली आणि प्रत्यक्ष सौदे १६ जुलै २०२१ ला सुरू झाले. सौद्यांची जागा शांघाय, परवान्यांची नोंदवही वूहानमध्ये. पहिल्या दिवशी भाव ४८ युआनला उघडून ५१.२३ ला बंद झाला. सुमारे २,१६२ वीज कंपन्या, वर्षाला ४५० कोटी टनांच्या आसपास उत्सर्जन. व्याप्तीच्या हिशेबात तो पहिल्याच दिवशी जगातला सर्वांत मोठा बाजार झाला.

माझं म्हणणं असं: नोंदवही, परवाना, वार्षिक अहवाल, त्रयस्थ पडताळणी, परवाने जमा करायची तारीख हे सगळे अवयव युरोपातून नीट पोचले. ज्याच्यासाठी हे अवयव असतात ती एकूण उत्सर्जनावरची ठाम मर्यादा मात्र पोचली नाही. तिच्या जागी बेंचमार्क आला, म्हणजे प्रति युनिट विजेला किती उत्सर्जन चालेल याचं ठरवून दिलेलं प्रमाण. हे का झालं आणि त्याने काय बिघडलं, यावर जाणकारांनी लिहावं.

सुमेधा

उत्तम सुरुवात. एक शंका आहे. चीनने हे युरोपकडून शिकून घेतलं की युरोपच्या दबावामुळे घेतलं? आता युरोपचा सीमेवरचा कार्बन कर (आयात मालावर त्याच्या उत्सर्जनानुसार लागणारा) आल्यापासून सरसकट 'युरोपने भाग पाडलं' असं ऐकू येतं.

अरुंधती के

सुमेधा, तारखा लावून पाहिल्या की ते सरसकट विधान टिकत नाही.

युरोपने १ जानेवारी २०१२ पासून विमान वाहतूक आपल्या बाजारात आणली. युरोपात उतरणाऱ्या परदेशी विमानालाही पूर्ण प्रवासाच्या उत्सर्जनाचे परवाने लागणार होते. हा खरा दबाव होता. त्याचं काय झालं? फेब्रुवारी २०१२ मध्ये चीनने आपल्या विमान कंपन्यांना त्यात सामील व्हायलाच बंदी घातली आणि एअरबसच्या मागण्या अडकवल्या. भारत आणि रशियाही विरोधी गटात होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये युरोपने घड्याळ थांबवलं आणि आंतरखंडीय उड्डाणं वगळली. नेमक्या त्याच महिन्यांत त्याच चीनमध्ये सात ठिकाणचे प्रायोगिक बाजार युरोपीय नियमावली समोर ठेवून बांधले जात होते. म्हणजे दबावाला विरोध आणि शिकायला होकार, दोन्ही एकाच वेळी चालू होतं.

शिकण्यामागचं कारण घरातलंच होतं. अकराव्या पंचवार्षिक योजनेत (२००६ ते २०१०) ऊर्जा-तीव्रता (प्रति युनिट राष्ट्रीय उत्पन्न लागणारी ऊर्जा) २० टक्क्यांनी घटवायची होती. शेवटच्या वर्षी आकडा गाठण्यासाठी काही प्रांतांनी कारखान्यांची, कुठे कुठे वस्त्यांचीही वीज तोडली. घट १९.१ टक्के झाली, पण फार महागात पडली. बाराव्या योजनेत कार्बन-तीव्रता १७ टक्क्यांनी घटवायचं लक्ष्य आलं. तेव्हा नियोजन करणाऱ्या आयोगाला फतव्यापेक्षा स्वस्त मार्ग हवा होता. युरोपकडे तो तयार होता आणि वापरून झालेल्या चुकांसकट होता.

या चुका चीनने काळजीपूर्वक अभ्यासल्या. एप्रिल २००६ मध्ये युरोपातले पहिले पडताळलेले आकडे बाहेर आले. वाटलेले परवाने प्रत्यक्ष उत्सर्जनापेक्षा जास्त निघाले आणि ३० युरोच्या आसपासचा भाव काही दिवसांत निम्म्यावर आला. पहिल्या टप्प्यातले परवाने पुढच्या टप्प्यात नेता येत नव्हते, म्हणून २००७ मध्ये भाव जवळपास शून्याला टेकला. २००८-०९ मध्ये मूल्यवर्धित कराची साखळी-फसवणूक झाली. परवाना एका देशातून करमुक्त घ्यायचा, दुसऱ्या देशात करासह विकायचा आणि कर न भरता गायब व्हायचं. युरोपोल या युरोपीय पोलीस संस्थेचा अंदाज सुमारे ५०० कोटी युरोच्या नुकसानीचा होता. जानेवारी २०११ मध्ये नोंदवह्यांत घुसून परवाने चोरले गेले आणि हजर (स्पॉट) सौदे काही काळ थांबवावे लागले.

त्यामुळे चीनच्या राष्ट्रीय बाजारात सुरुवातीला बाहेरच्या कुणाला प्रवेशच नव्हता. ज्यांच्यावर बंधन आहे त्याच कंपन्यांनी सौदे करायचे, बँका नाहीत, दलाल नाहीत, वायदे नाहीत. घोटाळा टळला, पण बाजारही निजला. २०२१ मध्ये एकूण १७.९ कोटी टनांचे सौदे झाले आणि त्यातले तीन चतुर्थांशाच्या आसपास एकट्या डिसेंबरमध्ये, कारण परवाने जमा करायची मुदत ३१ डिसेंबर होती. वर्षभर भाव न सांगणारा बाजार कारखान्याला गुंतवणुकीचा निर्णय घ्यायला उपयोगी पडत नाही. दुसऱ्याच्या अपघातातून धडा घेताना तो गरजेपेक्षा जास्त घेतला गेला, असं मला वाटतं.

पारेषण

नीलमेघ यांच्या 'मर्यादा का पोचली नाही' या प्रश्नावर लिहितो. उत्तर वीजदरात आहे.

युरोपात वीज कंपनी परवान्याची किंमत विजेच्या भावात चढवते. परवाना फुकट मिळाला असला तरी चढवते, कारण तो विकता आला असता. २००५ ते २०१२ मध्ये यातून कंपन्यांनी अनाठायी नफा कमावला. म्हणून २०१३ पासून, पूर्व युरोपातले काही देश सोडता, वीजनिर्मितीला परवाने लिलावातूनच घ्यावे लागतात. चीनमध्ये कोळशाच्या विजेचा दर सरकार ठरवत होतं. ऑक्टोबर २०२१ च्या सुधारणेनंतर तो वर-खाली २० टक्क्यांपर्यंत हलू लागला. २०२१ मध्येच पूर्ण लिलाव लावला असता तर कोळसा महागलेला, वीजदर बांधलेला आणि परवान्याचा खर्च अंगावर, अशी केंद्रांची कोंडी झाली असती.

म्हणून सूत्र असं आलं: परवाने = प्रत्यक्ष निर्मिती × बेंचमार्क, आणि त्यावर शीतकरण, उष्णता-पुरवठा आणि भार यांचे दुरुस्ती गुणांक. २०१९ आणि २०२० साठीचे बेंचमार्क, प्रति मेगावॅट-तास टनांत: ३०० मेगावॅटपेक्षा मोठे नेहमीचे कोळसा संच ०.८७७, त्याखालचे ०.९७९, हलक्या प्रतीचा कोळसा जाळणारे अपारंपरिक संच १.१४६, गॅसचे संच ०.३९२.

आकडे घालून पाहू. समजा एका मोठ्या संचाने वर्षात २० लाख मेगावॅट-तास वीज दिली आणि त्याचं प्रत्यक्ष उत्सर्जन प्रति मेगावॅट-तास ०.९२० टन आहे. गुणांक १ धरू.

मिळालेले परवाने: २०,००,००० × ०.८७७ = १७,५४,०००
लागणारे परवाने: २०,००,००० × ०.९२० = १८,४०,०००
तूट: ८६,०००. ५० युआनने खर्च ४३ लाख युआन, म्हणजे प्रति मेगावॅट-तास २.१५ युआन.

हाच संच पूर्ण लिलावात असता तर १८,४०,००० × ५० = ९.२ कोटी युआन, प्रति मेगावॅट-तास ४६ युआन. परवान्याचा भाव तोच, पण बेंचमार्कच्या पद्धतीत संचालकाच्या खिशाला लागणारी झळ विसाव्या भागाहूनही कमी. 'चीनचा भाव युरोपच्या एवढ्या टक्के' अशा तुलना वाचताना हे लक्षात ठेवा.

आता यात बिघडतं काय? पहिलं, जास्त वीज बनवली की जास्त परवाने मिळतात. निर्मिती घटवण्याला काहीच बक्षीस नाही. दुसरं, चार वर्ग वेगळे ठेवल्याने स्पर्धा वर्गाच्या आतच राहते. कोळशाचा ०.८६० चा संच परवाने विकून कमावतो. ०.४०० चा गॅस संच मात्र त्याच्या निम्म्याहून कमी धूर सोडून कागदावर तुटीत जातो. (गॅसच्या तुटीला म्हणूनच सूट द्यावी लागली.) तिसरं, पवन आणि सौर केंद्रं या हिशेबात नाहीतच, त्यामुळे कोळशाकडून तिकडे वळण्याचा इशारा या बाजारातून मिळत नाही. शिवाय तुटीला छत होतं. पडताळलेल्या उत्सर्जनाच्या २० टक्क्यांपलीकडची तूट भरावी लागत नव्हती. त्यामुळे सर्वांत वाईट संचांनाच सर्वांत मोठं संरक्षण मिळालं.

याला मी फसलेली नक्कल म्हणणार नाही. ज्या देशात विजेची मागणी वाढते आहे आणि दर बांधलेला आहे, तिथे पहिल्या दिवशी चालू शकेल असं हेच रूप होतं. प्रायोगिक बाजारांनी तर परवान्याचा खर्च वीजदरात चढत नाही म्हणून वीज वापरणाऱ्या कारखान्यांवर आणि इमारतींवरच विजेच्या अप्रत्यक्ष उत्सर्जनाचे परवाने लावले. युरोपीय संघाच्या बाजारात असं नव्हतं. ही त्यांची स्वतःची जोड होती.

चक्रधर

पारेषण यांच्या सूत्रात जो 'प्रत्यक्ष उत्सर्जन' आकडा आहे तो येतो कुठून, हे बघायला हवं. सगळ्यात जास्त गडबड तिथेच झाली.

अमेरिकेत चिमणीत यंत्र होतं. युरोपात आणि चीनमध्ये बहुतांशी इंधनावरून गणित करतात:

उत्सर्जन = कोळसा (टन) × उष्मांक (गिगाज्यूल प्रति टन) × कार्बन प्रमाण (टन कार्बन प्रति गिगाज्यूल) × ज्वलन प्रमाण × ४४/१२ (कार्बनचं कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर)

कोळशाचं वजन पट्ट्यावरच्या काट्यावर होतं आणि उष्मांक केंद्राची प्रयोगशाळा रोज मोजतेच. अवघड आहे ते कार्बन प्रमाण. त्यासाठी महिन्याभराच्या नमुन्यांचा एकत्रित नमुना करून मूलद्रव्य विश्लेषण करावं लागतं. ज्यांनी ते केलं नाही त्यांच्यासाठी नियमात एक दंडात्मक ठोकळ आकडा होता: ०.०३३५६. हेतू हा की तो इतका जास्त ठेवावा की लोक मोजमाप करू लागतील.

१० लाख टन कोळसा, उष्मांक २०, ज्वलन प्रमाण ०.९९ धरा. ठोकळ आकड्याने उत्सर्जन येतं २४,३६,४५६ टन. मोजून ०.०२७ निघालं तर १९,६०,२०० टन. फरक ४,७६,२५६ टनांचा, ५० युआनने २.३८ कोटी युआन. प्रयोगशाळेच्या बारा अहवालांवर एवढी रक्कम ठरत असेल तर त्या अहवालांचं काय होणार? मार्च २०२२ मध्ये चीनच्या पर्यावरण मंत्रालयाने चार सल्लागार-तपासणी संस्थांची नावं जाहीर केली. अहवालांच्या तारखा बदलणं, नमुन्यांत फेरफार, खोटे अहवाल असे प्रकार त्यात होते.

उपाय दोन बाजूंनी झाला. ठोकळ आकडा ०.०३०८५ वर आणला, म्हणजे वरच्या उदाहरणात २२,३९,७१० टन. खोटं करण्यातला फायदा घटला. दुसरीकडे वर्षातून एकदा अहवाल देण्याऐवजी महत्त्वाचे आकडे दर महिन्याला सरकारी ऑनलाइन मंचावर चढवणं बंधनकारक झालं, म्हणजे नंतर तारीख मागे टाकायची सोय राहिली नाही. १ मे २०२४ पासून राज्य परिषदेचे (चीनच्या मंत्रिमंडळाचे) नियम लागू झाले. त्याआधी परवाने न भरल्याचा दंड २० ते ३० हजार युआन होता, तोही तुटीच्या आकाराशी संबंध नसलेला. आता तो तुटीच्या बाजारभावाच्या ५ ते १० पट आहे. माझ्या मते चीनचा बाजार खऱ्या अर्थाने उभा राहिला तो या दिवशी, २०२१ मध्ये नव्हे.

फसवणूक नसतानाही होणारी एक चूक सांगतो, कारण ती आपल्याकडेही होणार आहे. प्रयोगशाळा कार्बन प्रमाण हवेत वाळवलेल्या नमुन्यावर देते आणि पट्ट्यावरचा काटा ओला कोळसा मोजतो. आर्द्रतेची दुरुस्ती न करता दोन्ही गुणले की १० टक्के ओलाव्याच्या फरकाला जवळपास तेवढ्याच टक्क्यांची चूक होते. पडताळणाऱ्याने प्रत्येक अहवालात सर्वांत आधी बघावं ते हे: नमुना 'जसा मिळाला तसा' आहे की वाळवलेला.

पडताळणीचा खर्च कोण देतं यातही फरक आहे. युरोपात कारखाना स्वतः पडताळणारा नेमतो आणि त्याला पैसे देतो. नियंत्रण त्या पडताळणाऱ्याच्या मान्यतेवर असतं. चीनमध्ये प्रांतिक पर्यावरण विभाग निविदा काढून पडताळणारे नेमतो. चीनची ही रीत मला जास्त बरी वाटते. मात्र स्वस्तात स्वस्त निविदा स्वीकारली की पडताळणारा कारखान्यात अर्धा दिवसच थांबतो, आणि ओलाव्याची चूक पकडायला अर्धा दिवस पुरत नाही.

सुमेधा

अरुंधतीताई, तारखांचा मुद्दा पटला. पण मार्च २०२५ मध्ये चीनने बाजारात पोलाद, सिमेंट आणि ॲल्युमिनियम आणलं. युरोपच्या सीमा कराच्या यादीतलीच तिन्ही क्षेत्रं. हा योगायोग कसा म्हणायचा?

अरुंधती के

योगायोग नाही. पण ही क्षेत्रं चीनच्या यादीत आधीपासून होतीच. वीज, पोलाद, बांधकाम साहित्य (सिमेंटसह), अलोह धातू (ॲल्युमिनियमसह), पेट्रोरसायनं, रसायनं, कागद आणि विमान वाहतूक ही आठ ठरलेली होती आणि त्यांच्याकडून वार्षिक अहवालही घेतले जात होते. सीमा कराने यादी बदलली नाही. कोण आधी आणि केव्हा, हे बदललं.

युरोपचा नियम २०२३ चा. १ ऑक्टोबर २०२३ पासून फक्त अहवाल, १ जानेवारी २०२६ पासून आर्थिक जबाबदारी. मूळ देशात प्रत्यक्ष भरलेली कार्बन किंमत वजा मिळते. 'प्रत्यक्ष भरलेली' यावर सगळा भार आहे. चीनमध्ये नव्या क्षेत्रांना २०२४ सालासाठी पडताळलेल्या उत्सर्जनाइतकेच परवाने दिले गेले. तूट शून्य, भरलेली किंमत शून्य, वजावट शून्य. म्हणजे 'आमच्याकडे बाजार आहे' एवढं सांगून युरोपच्या सीमेवर एक युरोही सुटत नाही. वजावट हवी असेल तर बेंचमार्क घट्ट करावे लागतात किंवा लिलाव आणावा लागतो. विमानांच्या वेळी जे धाकाने झालं नाही ते इथे हिशेबाने होतं आहे: पैसा भरायचाच असेल तर तो ब्रसेल्सऐवजी आपल्या तिजोरीत का जाऊ नये?

ऑगस्ट २०२५ मध्ये पक्षाच्या केंद्रीय समितीने आणि राज्य परिषदेने मिळून काढलेल्या दस्तऐवजात २०२७ पर्यंत प्रमुख औद्योगिक क्षेत्रं आणि २०३० पर्यंत एकूण उत्सर्जनावर मर्यादा, मोफत आणि सशुल्क वाटप एकत्र, असं लिहिलं आहे. नीलमेघ यांनी म्हटलेली 'न पोचलेली' मर्यादा वीस-पंचवीस वर्षं उशिरा पोचते आहे.

पारेषण

याला एक पुरवणी. दरम्यान चीनचं बदललेलं रूप पुढे निघालंसुद्धा. इंडोनेशियाने २०२३ मध्ये कोळसा वीजकेंद्रांसाठी तीव्रतेवर (प्रति युनिट उत्पादन उत्सर्जनावर) आधारलेला बाजार सुरू केला. भारताची कार्बन क्रेडिट व्यापार योजना जून २०२३ मध्ये अधिसूचित झाली, तीही तीव्रतेवरच. भारताने चीनची नक्कल केली असं म्हणणं मात्र चूक ठरेल. आपल्याकडे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची 'पॅट' योजना २०१२ पासून होती. पहिल्या चक्रात ८ क्षेत्रं, ४७८ कारखाने, प्रति टन उत्पादन ऊर्जेचं लक्ष्य आणि विकता येणारी प्रमाणपत्रं. नव्या योजनेने त्याच सांगाड्यात ऊर्जेच्या जागी हरितगृह वायू घातले. वाढत्या अर्थव्यवस्थेला एकूण मर्यादा नको असते, म्हणून दोघं वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी आले. मोठा फरक असा की चीनने विजेपासून सुरुवात केली आणि भारताने वीज बाहेर ठेवून उद्योगांपासून.

आपलं सूत्र सरळ आहे: क्रेडिट = (लक्ष्य तीव्रता − गाठलेली तीव्रता) × उत्पादन. ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली (कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन) आणि कागद या क्षेत्रांतल्या २८२ कारखान्यांची लक्ष्यं अधिसूचित झाली, पायाभूत वर्ष २०२३-२४.

मालती ओक

पुणे-कोल्हापूर पट्ट्यातून युरोपला माल पाठवणाऱ्यांना याचा थेट उपयोग होईल असं थोडं लिहिते, कारण या बाबतीत चुकीची माहिती फार फिरते.

आधी मालाचा सीमाशुल्क संकेतांक बघा. नट, बोल्ट, स्क्रू ७३१८ मध्ये आहेत आणि ते युरोपच्या सीमा कराच्या यादीत आहेत. पाइप फिटिंग ७३०७ आणि 'इतर पोलादी वस्तू' ७३२६ हेही आहेत. यंत्राचा किंवा वाहनाचा भाग म्हणून ८४ किंवा ८७ प्रकरणात जाणारं कास्टिंग मूळ यादीत नाही. पण यादी पुढच्या उत्पादनांपर्यंत वाढवायचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने डिसेंबर २०२५ मध्ये मांडला आहे, तेव्हा मोजायला आतापासून लागलेलं बरं. वर्षाला ५० टनांची सूट तुमच्या कारखान्याला नाही, ती युरोपातल्या आयातदाराच्या एकूण आयातीला आहे. तुम्ही २० टन पाठवलेत आणि त्याने इतरांकडून ४० टन घेतले, तर तुमचा मालही हिशेबात येतो.

बोल्टच्या उत्सर्जनात तुमच्या भट्टीचा वाटा छोटा असतो. समजा १ टन बोल्टला १.०८ टन वायर रॉड लागतो, रॉडचं उत्सर्जन प्रति टन २.३ आणि तुमच्या उष्णोपचार भट्टीचा गॅस ०.१२. एकूण २.४८४ + ०.१२ = २.६०४ टन. म्हणजे ९५ टक्के आकडा पोलाद कारखान्याकडून यायचा आहे. तो पडताळलेल्या स्वरूपात मिळाला नाही तर आयातदाराला डिफॉल्ट आकडा लावावा लागतो आणि तो मुद्दाम चढा ठेवलेला आहे. म्हणून रॉडच्या खरेदी आदेशातच, हीट क्रमांकासह (पोलादाच्या त्या ओतणीचा क्रमांक) उत्सर्जनाचा आकडा देण्याची अट घाला. माल आल्यावर मागितलेला आकडा सहसा मिळत नाही. पोलादाच्या बाबतीत विजेचं अप्रत्यक्ष उत्सर्जन सध्या भरायच्या हिशेबात धरत नाहीत. इंडक्शन भट्टीवाल्यांना याचा फायदा आहे.

आता सर्वांत मोठा गैरसमज. '२०२६ मध्ये फक्त अडीच टक्केच भरायचं आहे' असं सांगितलं जातं. ते तसं नाही. युरोपातल्या कारखान्याला बेंचमार्कइतके परवाने मोफत मिळतात, ते २०२६ मध्ये ९७.५ टक्क्यांवर येतात आणि २०३४ मध्ये शून्य होतात. तुमच्या उत्सर्जनातून वजा होतं ते हे मोफत वाटप. समजा बेंचमार्क १.४ आहे: २.६०४ − (१.४ × ०.९७५) = १.२३९ सीमा कराची प्रमाणपत्रं (उत्सर्जनाच्या एका टनाला एक) प्रति टन माल. अडीच टक्क्यांच्या समजुतीने ०.०६५ आली असती. बेंचमार्कपेक्षा तुम्ही जितके वर आहात तो फरक पहिल्या दिवसापासून पूर्ण भरावा लागतो.

चक्रधर

मालती ओक यांच्या हिशेबाला जोडून: भारतीय योजनेतून वजावट मिळेल का, हा पुढचा प्रश्न येणारच. वर दिलेल्या क्षेत्रांत पोलाद नाही, पण त्याचीही लक्ष्यं आली असं धरू. ज्या पोलाद कारखान्याने लक्ष्य गाठलं त्याने काहीच भरलं नाही, त्यामुळे त्याच्या रॉडवर वजावट नाही. ज्याने क्रेडिट विकत घेऊन तूट भरली त्याच्या रॉडवर, दस्तऐवज दाखवून, तेवढ्या खर्चापुरती वजावट मागता येईल. चीनबद्दल अरुंधती यांनी सांगितलं तेच गणित इथेही लागू आहे.

नीलमेघ (धागाकर्ता)

सगळ्यांनी जे लिहिलं त्यावरून एक गोष्ट पक्की होते: संस्था आणि अवयव प्रशिक्षणातून पोचतात, मर्यादा मात्र पैशाचा हिशेब बदलल्यावरच पोचते. २०१४ ते २०१७ चा युरोप-चीन क्षमता-बांधणी प्रकल्प, २०१८ चा सामंजस्य करार, जागतिक बँकेची बाजार-सज्जता भागीदारी, कॅलिफोर्निया आणि शेनझेनमधला २०१३ चा करार, या सगळ्यांनी पहिलं काम केलं. दुसरं काम यांच्यापैकी कुणाच्याच हातात नव्हतं.

चीनच्या पुढच्या वाटप योजनेचा कागद हाती आला की चार जागा बघायच्या. एकूण परवान्यांचा आकडा वर्ष सुरू होण्याआधी दिला आहे का, की निर्मितीचे आकडे आल्यावर ठरणार आहे. सशुल्क वाटपाचा टक्का किती. परवाने पुढच्या वर्षी न्यायला किती मुभा आहे, कारण ती जितकी सैल तितका आधीचा साठा नवी मर्यादा पोकळ करतो. आणि कोळशाचे वर्ग अजून वेगळे आहेत की एकत्र केले. वर्ग एकत्र झाल्याशिवाय एकूण मर्यादा आली, तरी पारेषण यांच्या उदाहरणातला गॅसचा संच तुटीतच राहील.